हरिपूरचा मोगरा

सांगलीहून कोस-सव्वा कोसावर हरिपूर लागते. कृष्णा-वारणांचा संगम, काठावर संगमेश्वराचे देवालय, आणि 'शारदा'कार देवलांचे जन्मगाव म्हणून हे स्थळ रसिकांस ठाऊक आहेच. हळद साठविण्याची येथील भुयारी पेवेही एके काळी प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळ निकामी केली.

२०१९ च्या ऑगस्टातील पूर त्याहूनही मोठा. त्यानंतरच्या दिवाळीस आम्ही आत्याबाईंकडे गेलो, तो मागील दारी अरण्यच माजलेले! झेंडू छातीइतका उंच. पण पाडव्याच्या तोरणासाठी फुले बाजारातून आणावी लागली. दुध्याचा वेल न्हाणीघराच्या कौलांवरून शेजारच्या आवारात उतरला होता, आणि त्याला भोपळे दोन! टोमॅटोची रोपे स्वतःच्याच भाराने लोळत होती. त्यांच्या लुसलुशीत शेंड्यांवर माव्याने बस्तान मांडले होते. कारण उघड होते. पुरामागे राहिलेला गाळ आत्याबाईंनी वाफ्यांत ओढून घेतला होता व वर शेणखताच्या पाट्या ओतल्या होत्या. नत्राची अशी चंगळ झाली म्हणजे झाड पाने नि फांद्याच काढीत सुटते. फुलण्याची त्यास घाई राहत नाही.

मोगऱ्याची गोष्ट निराळी. कैलासवासी आतोबांनी स्वहस्ते लावलेले ते झाड; त्याची पहिली ओंजळ दर चैत्रात संगमेश्वरास जावयाची. पुरातून ते वाचले, म्हणून सर्वांत अधिक खत त्याच्याच आळ्यात पडले होते. पाने तर तळहाताएवढी! शेजारचे वृद्ध माळीबुवा म्हणाले, "थंडीत पाणी तोडा, छाटा, मुळ्यांना ऊन दाखवा." संत्र्या-मोसंबीचे बागाईतदार ताण देऊन बहार धरतात, त्यातलाच हा प्रकार. आत्याबाईंना तो पटेना. "पुरातून जगलंय ते, आणि मी त्याला उपाशी ठेवू?" असे म्हणून त्या सायंकाळी पुन्हा कळशी घेऊन निघाल्या. आम्ही ती त्यांच्या हातून काढून घेतली. काहीशी उद्धटपणेच, हे कबूल केले पाहिजे. त्या रात्री त्या आमच्याशी बोलल्या नाहीत.

मार्गशीर्षात त्यांनी स्वतःच छाटणी केल्याचे कळले. माळीबुवांस त्यांनी कात्रीस हात लावू दिला नव्हता. माघात पाणी सुरू झाले आणि २०२० च्या चैत्रात झाड कळ्यांनी लगडले. परंतु टाळेबंदीमुळे देवालयाचे दार बंद! तेव्हा संगमाच्या दिशेस हात जोडून आत्याबाईंनी ती ओंजळ आपल्या तुळशीवृंदावनातच ठेवली.