सोळा शुक्रवार आणि एक भेळ

प्रिय,

तुझं काय ते पत्र! "पाऊस आहे का?" एवढंच? तिकडे शाई महाग झालीय की काय? असो. तुला सांगते, पाऊस आहे, पालख्या पुण्यात आल्यात, आणि यंदाही आमच्या पार्किंगमध्ये दिंडी उतरलीय. गाड्या रस्त्यावर, टाळ-मृदंग आत. सोसायटीच्या सेक्रेटरींचा चेहरा तू डोळ्यांपुढे आणच.

सकाळी पोह्यांना हात लावता लावता आमच्या भाच्यानं विषय काढला. तोच गं, तुझ्या साडीवर उलटी करणारा. आता एमबीए झालाय. म्हणे, "मावशी, ह्या देवधर्मापायीच आपण गरीब. गॅलपनं 2009 मध्ये 114 देशांत पाहणी केली. जितका देश गरीब, तितका धर्म जास्त!" म्हटलं, त्याच पाहणीत 65 टक्के अमेरिकनांनीही रोजच्या जगण्यात धर्म महत्त्वाचा म्हणून सांगितलं, त्यांना कुणी भिकेला लावलं? आणि दवाखान्यात आजाऱ्यांची गर्दी दिसते, म्हणून दवाखान्यानं माणसं आजारी पाडली म्हणशील का? ज्याला दुसरा आधार नाही, तो देवाला धरतो. त्यानं गप्पपणे दुसरी प्लेट घेतली.

खरी गंमत पुढेच. दिंडीत बीडकडच्या एक आजी होत्या. ह्यानं त्यांनाच विचारलं, "आजी, इतके दिवस कामाचा खाडा परवडतो का?" आजी म्हणाल्या, "पेरून आले की बाबा. आता उगवायला म्या तिथं बसून फुंकर घालू का?" मग गुडघ्याच्या ऑपरेशनपायी दीड एकर कसं गेलं ते सांगितलं, आणि विचारलं, "तुझ्या ह्या गाडीचा हप्ता किती रं?" भाचा पाणी आणायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

रात्री झोप येईना. भाच्याचा हा आरोप तसा जुनाच गं. 1875 मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले, तेव्हाही कुणबी सणावारात नि लग्नकार्यात पैसा उधळून बुडतो, असंच म्हणत. सरकारी चौकशी आयोगानंच मग म्हटलं, ह्या खर्चाला फाजील महत्त्व दिलं गेलंय. आपल्या तुकोबांचंच बघ. महाजनकीचं घर, ते 1630 च्या दुष्काळानं मोडलं, अभंगांनी नव्हे. उलट त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली म्हणतात. म्हणजे त्यांच्या भक्तीनं चार घरांचं कर्ज तेवढं फिटलं!

देवाच्या नावावर लुटणारे नाहीत, असं नाही हं. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जन्मापासून मरणापर्यंतच्या दक्षिणा मोजल्यात. पण त्याच पुस्तकात त्यांनी सरकारी साराही मोजलाय, कोर्टकचेऱ्याही. आपण मात्र सोयीची पानं तेवढी वाचतो.

आणि तुला आपले सोळा शुक्रवार आठवतात ना? व्रतात आंबट चालत नाही, म्हणून मी उद्यापनापर्यंत चिंचेकडे ढुंकून पाहिलं नाही. तू मात्र आठव्याच शुक्रवारी तुळशीबागेमागं भेळ हाणलीस, वर "आंबट कमी होती" म्हणालीस. आज तू न्यू जर्सीत दोन मजली घरात, आणि मी इथे रिक्षावाल्याशी सुट्ट्या दोन रुपयांवरून भांडतेय. हे भाच्याला सांगितलेलं नाही. नाहीतर तो ह्याचाही आलेख काढेल.

तुझीच,
चिंच न खाल्लेली