दुसऱ्याचं लेकरू आणि पौषातलं ऊन

रायपूरच्या थंडीची पुण्या-नाशिककडच्या नातेवाइकांना गंमत वाटते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी 13 अंशांच्या आसपास, दुपारी 27. 'ही कसली थंडी!' असं फोनवर ऐकावं लागतं. पण मे महिन्यात 44-45 अंश सोसलेल्या अंगाला 13 म्हणजे हिमालयच. दिवाळी सरली न सरली तोच इथे तिबेटी विक्रेत्यांचा स्वेटर बाजार लागतो आणि गल्लीतली सगळी लेकरं एका रात्रीत गोल होतात. स्वेटर, त्यावर जाकीट, पायांत लोकरी मोजे, डोक्यावर कानटोपी. आत मूल आहे हे फक्त वाहत्या नाकावरून ओळखायचं.

चौबे कॉलनीत, महाराष्ट्र मंडळापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, आमच्या शेजारच्या काकू घरातच पाळणाघर चालवतात. हिंदी बोलणारे त्याला झूलाघर म्हणतात. दीड ते चार वर्षांची मुलं, काकू आणि मदतीला अभनपूरकडच्या एक बाई, सगळ्यांच्या दीदी. सकाळी स्कूटरवरून उतरवलेलं मूल काकूंच्या हाती देताना आयांचं वाक्य ठरलेलं, "काकू, आज बाहेर नका हं नेऊ, गार वारा सुटलाय." दीदीही आयांच्याच पक्षात, "लइका मन ला जाड लागही," म्हणजे मुलांना थंडी लागेल. काकू सगळ्यांचं ऐकून घेतात. मूल ठेवायला येणाऱ्यांना त्यांनी आधीच सांगितलेलं असतं, "माझ्याकडे मुलं रोज बाहेर जातात. चालणार असेल तर ठेवा." दहा वाजले की दार उघडतं.

दहाच का, यालाही कारण आहे. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा गार होऊन खालीच बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांचा, गाड्यांचा, चौकातल्या शेकोट्यांचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. सकाळी गच्चीवर अनवाणी गेलं की तळवे काळे होतात, हे रायपूरकराला सांगावं लागत नाही. ऊन चढलं की हवा हलते आणि धूर वर उठतो. बाळाला कोवळ्या उन्हात न्यावं, ही आजीची शिकवण तिच्या काळात रास्तच होती. तिने स्पंज आयर्नच्या भट्ट्या पाहिल्या नव्हत्या, एवढंच.

काकूंनी जुन्या सुती लुगड्याची पिळून दोरी केली आहे, हात-हातभर अंतरावर गाठी मारलेली. प्रत्येकाची गाठ ठरलेली. पुढे काकू, मागे दीदी, मधे हे सगळं लटांबर. गल्लीच्या टोकाचा बगीचा हाकेवर आहे, पण पोचेपर्यंत अर्धी सकाळ सरते. नालीच्या जाळीत खडा टाकून तो 'डुबुक' करतो का ते पाहायचं असतं, बिहीवाल्याच्या गाड्यावरचे पोपटी पेरू मोजायचे असतात, उन्हात पसरलेल्या कुत्र्याची परवानगी घ्यायची असते. बगीच्यात पोचल्यावर काकू एकेकाच्या मानेमागे, कॉलरच्या आत, दोन बोटं घालून बघतात. हाताचे पंजे गार लागले तरी त्याला फारसा अर्थ नसतो. लहान मुलांचे ते लागतातच. मान उबदार आणि कोरडी असेल तर ठीक. ओलसर लागली तर आधी जाकीट उतरवायचं, कारण घामाने भिजलेलं बनियन अंगावर गार पडलं की मूल खरं कुडकुडतं. बहुतेक दिवशी ओलसरच लागते. बगीच्याच्या कठड्यावर मग स्वेटरांचा ढीग साठतो.

22 डिसेंबरच्या सुमारास रायपुरात एक गंमत करून बघावी. हे शहर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताजवळ आहे, त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्याचेही बाराच वाजलेले असतात. मुंबईला त्यासाठी आणखी अर्धा तास तरी थांबावं लागतं. आणि त्या दिवशी इथला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 45 अंश वर येतो. म्हणजे मुलाची सावली बरोबर मुलाएवढी. काकूंनी खडूने फरशीवर सावल्या आखल्या आणि मुलांना त्यांत झोपवलं. आपल्या सावलीत दुसरंच कुणी झोपलं म्हणून एकाने भोकाड पसरलं. दुपारच्या उन्हाचा आणखी एक उपयोग आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण भर दुपारीच जास्त पोचतात. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात ते नावालाच. स्वेटर त्यांना अडवतो आणि खिडकीची काचही अडवते. याच शहरात राहिलेले हिंदी कादंबरीकार विनोद कुमार शुक्ल यांनी खोलीच्या खिडकीतून एका वेगळ्याच जगात उतरणारं जोडपं लिहिलं. पाळणाघरांच्या खिडक्यांना ग्रिल असतात. तिथे दारच उघडावं लागतं.

सर्दी विषाणूंमुळे होते, हे आपण पुस्तकात वाचतो आणि उठून दाराला कडी घालतो. बंद खोलीत आठ-दहा मुलं, एकाची शिंक, आणि दोन दिवसांत सगळ्यांची नाकं. मोकळ्या हवेत तीच शिंक विरून जाते. फिनलंड-स्वीडनमध्ये पारा शून्याखाली असताना तान्ही बाळं बाबागाडीत नीट गुंडाळून बाल्कनीत दुपारची झोप काढतात. इतक्या लांब जायचं नसेल तर आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आहेत. 1945 मध्ये बोर्डीत त्यांचं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. पानं, बिया, खडे, शिंपले हे तिथलं शैक्षणिक साहित्य. काकूंच्या मुलांच्या खिशांत संध्याकाळी नेमकं हेच निघतं, आणि आया ते कचऱ्यात टाकतात.

पौष-माघात आमच्या मराठी घरांत बोरन्हाणं होतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं मूल आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे. ऋतूच घरात आणून मुलावर ओतायचा. त्याच दिवसांत, पौष पौर्णिमेला, छत्तीसगडी मुलं छेरछेरा मागायला बाहेर पडतात. नवं धान कोठीत आलेलं असतं. पोरं झोळ्या घेऊन दारोदार जातात आणि कुणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. आम्ही ऋतू मुलाकडे आणतो, छत्तीसगडी घरं मुलाला ऋतूकडे पाठवतात. दोन्ही हवं. पण पाटावरचं मूल वर्षातून एकदा रानचं बोर पाहतं, आणि झोळीवाल्याला ते कुठल्या झाडाचं आंबट नि कुठल्याचं गोड तेही ठाऊक असतं.

मुलांना बाहेर सोडताना अडतं ते थंडीपाशी नाहीच. आजी आपल्या नातवाला खुशाल मातीत सोडते. खरचटलं तर हळद लावते आणि विषय संपतो. पाळणाघरातलं मूल म्हणजे दुसऱ्याचं लेकरू. सकाळी दिलं तसंच संध्याकाळी परत करायचं, ही अट कागदावर नसते, पण असते. एका खोकल्याचा जाब आठवडाभर पुरतो. म्हणून दार बंद राहतं, टीव्हीवर कार्टून लागतं आणि मूल स्वच्छ, कोरडं, न खरचटलेलं घरी जातं. कारण फक्त ऋतूप्रमाणे बदलतं. एप्रिल ते जून लू, मग सप्टेंबरपर्यंत पाऊस, चिखल, डास. फिनलंडच्या आईला हिवाळा निभावून न्यावा लागतो. आपल्याला उघड्यावर मूल सोडण्याजोगे दिवस देणारा हिवाळाच, आणि तेच दिवस आपण कानटोपीत घालवतो.

पाळणाघर निवडताना आपण फी विचारतो, कॅमेरे आहेत का विचारतो, दूध कुठलं देता विचारतो. जानेवारीत मुलं कितीदा बाहेर जातात, तेही विचारावं. उत्तर 'रोज' असं आलं, तर पुढची जबाबदारी आपली. मोज्यांत वाळू निघाली म्हणून दुसऱ्या दिवशी भांडायला जायचं नाही.