एका थेंबाचे भविष्य

साप्ताहिक घरात आले की कोणते पान आधी उघडले जाते, हे आम्हा संपादकीय विभागातल्या मंडळींना चांगले ठाऊक असते. आम्ही रात्री जागून लिहिलेला लेख बाजूला राहतो आणि वाचकाचे बोट थेट राशिभविष्याकडे जाते. त्यात रागावण्यासारखे काही नाही. उद्या काय वाढून ठेवले आहे, ते आज कळावे असे कोणाला वाटत नाही? हल्ली मात्र भविष्य सांगणारी आणखी एक जागा झाली आहे, ती म्हणजे पॅथॉलॉजी लॅब. तिथल्या कागदावरचा एखादा आकडा साडेसातीपेक्षाही जास्त घोर लावतो.

आमच्या घरी असा आकडा दोन वर्षांपूर्वी आला. माझी थोरली बहीण लग्न होऊन इंदूरला गेली आणि तिथलीच झाली. तिच्या मुलीला तेविसाव्या वर्षी पुण्यात नोकरी लागली. रुजू होण्याआधी नेहमीची वैद्यकीय तपासणी झाली. वजन, रक्तदाब, साखर सगळे ठीक होते. लघवीच्या रिपोर्टमध्ये मात्र तांबड्या पेशींसमोर ‘८ ते १०’ असे लिहून खाली रेघ मारलेली होती. लघवीचा रंग नेहमीसारखा, जळजळ नाही, दुखणे नाही. पण त्याच रात्री अकरा वाजता मुंबईला माझ्याकडे ताईचा फोन आला. “अगं, पोरीच्या लघवीतून रक्त जातंय म्हणे! किडनी बिघडली का गं तिची?”

ताईची घालमेल वाढायला आणखी एक कारण होते. नागपूरच्या एका चांगल्या घराशी भाचीच्या लग्नाची बोलणी सुरू होती.

डोळ्यांना न दिसणारे, पण सूक्ष्मदर्शकाखाली सापडणारे हे रक्त दुर्मिळ नाही. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगातून एका वेळी जेवढा भाग दिसतो, त्यात तीन किंवा अधिक तांबड्या पेशी आढळल्या, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. पण एका रिपोर्टवर कोणी निदान करत नाही. पाळीच्या आसपासचे दिवस, जंतुसंसर्ग, मुतखडा, आदल्या दिवशीचा जड व्यायाम, यांपैकी कशानेही लघवीत रक्त उतरते. नुसत्या रंग बदलणाऱ्या पट्टीवरही विसंबून चालत नाही. स्नायूंना मार लागल्यावर लघवीत उतरणाऱ्या द्रव्यानेही ती पट्टी रंग बदलते. म्हणून भाचीची तपासणी पाळीचे दिवस टाळून, मधल्या धारेची ताजी लघवी घेऊन, सहा आठवड्यांत तीनदा झाली. संसर्ग नव्हता. सोनोग्राफीत खडा नव्हता. तांबड्या पेशी मात्र तिन्ही वेळा हजर होत्या.

मग आम्ही पुण्यातल्या एका मूत्रपिंडतज्ज्ञांकडे गेलो. मी मुंबईहून आणि ताई इंदूरहून आली. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. ताईने बसल्या बसल्या विचारले, “डॉक्टर, पुढे काय होणार ते एकदा स्पष्ट सांगून टाका.” ते म्हणाले, “आधी मला दोन प्रश्नांची उत्तरं शोधू द्या. हे रक्त कुठून येतंय आणि ते एकटंच येतंय की कुणाला सोबत घेऊन येतंय? भविष्य त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पेशींच्या आकारात मिळते. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात आणि दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक परत रक्तात जातो आणि उरतो तो दीड-दोन लिटर. तांबडी पेशी या गाळणीतून पिळवटून आली, तर तिचा आकार बिघडतो. ती वेडीवाकडी, फुगवटे आलेली दिसते. मूत्राशयातून किंवा खड्याच्या ओरखड्यातून आलेली पेशी मात्र गोल गरगरीत राहते. ऑस्ट्रेलियातील बर्च आणि फेअरली या डॉक्टरांनी १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ही खूण मांडली, ती आजही उपयोगी पडते. भाचीच्या पेशी वेड्यावाकड्या होत्या. म्हणजे रक्त गाळणीतूनच येत होते.

ताईचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी लगेच दुसरा कागद पुढे ओढला. लघवीतून प्रथिने जातात का? दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत अल्ब्युमिन चालते, तिचे १२ होते. रक्तदाब उत्तम होता आणि रक्तातले क्रिएटिनिनही ठीक होते. “रक्त एकटं असणं आणि रक्तासोबत प्रथिनं असणं, या दोन वेगळ्या कुंडल्या आहेत,” ते हसून म्हणाले. “प्रथिनं वाढत गेली, रक्तदाब चढला, तर मी काळजी करीन. नुसत्या रक्तासाठी मी सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडाही काढणार नाही, कारण त्यातून काहीही निघालं तरी आज औषध बदलणार नाही.” क्रिएटिनिनबद्दल त्यांनी एक इशाराही दिला. हा आकडा उशिरा बोलतो. मूत्रपिंडाची निम्म्याच्या आसपास ताकद जाईपर्यंत तो नेमस्त राहू शकतो. म्हणून नुसते क्रिएटिनिन पाहून कोणी निर्धास्त होऊ नये.

“पण आकड्यांत सांगायचं तर?” मी विचारले. पत्रकाराची सवय! त्यांनी इस्रायलमधला एक अभ्यास सांगितला. मी तो नंतर मिळवून वाचला. त्या देशात लष्करी सेवेसाठी तरुण मुलामुलींची तपासणी होते. तिथल्या १६ ते २५ वयाच्या बारा लाखांहून अधिक जणांच्या नोंदी सुमारे २२ वर्षे पुढे पडताळून २०११ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ३,६९० जणांच्या लघवीत असे एकटे, सतत टिकणारे रक्त होते. त्यांपैकी २६ जणांवर पुढे डायलिसिस किंवा मूत्रपिंडरोपणाची पाळी आली, म्हणजे हजारी सात. रक्त नसलेल्यांत हेच प्रमाण दहा हजारी चार-पाच होते. वय वगैरे जमेस धरले तर धोका अठरा पटींहून अधिक.

अठरा पट! हा शब्द कानावर पडला तर कोणाही आईची झोप उडेल. पण तोच आकडा उलटा धरून पाहा. रक्त असलेल्या हजारांपैकी ९९३ जणांना त्या बावीस वर्षांत तशी वेळ आली नाही. आणखी एक गोष्ट मला त्या पानांवर दिसली. मूत्रपिंडे निकामी झालेले एकूण ५६५ जण होते आणि त्यांतल्या ५३९ जणांची तरुणपणीची तपासणी या बाबतीत स्वच्छ होती. म्हणजे रिपोर्टात रक्त निघाले म्हणून सगळे संपत नाही, आणि नाही निघाले म्हणून जन्माचा दाखलाही मिळत नाही.

मग डॉक्टरांनी एक अनपेक्षित प्रश्न विचारला. “घरात कुणाला लहान वयात कमी ऐकू यायला लागलं का? कुणाचं डायलिसिस झालंय?” गाळणीतून रक्त येण्यामागे मुख्यतः तीन कारणे असतात, हे त्यांनी समजावले. एक आयजीए नेफ्रोपॅथी, जिचे वर्णन पॅरिसच्या ज्याँ बर्जे यांनी १९६८ मध्ये केले. त्यात घसा बसला की कधी कधी लघवी चहाच्या रंगाची होते. या आजारात तुकडा तपासल्यावर वय, रक्तदाब, प्रथिने वगैरे घालून पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधण्याचे गणित २०१९ पासून डॉक्टरांच्या हाती आहे. दुसरा आल्पोर्टचा आजार. यात मूत्रपिंडाबरोबर कान आणि डोळेही बिघडू शकतात. तिसरे कारण म्हणजे गाळणीचा पडदा जन्मतःच पातळ असणे. हे घराण्यात चालत येते आणि बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पूर्वी डॉक्टर याला अगदी निरुपद्रवी म्हणत. आता मात्र वर्षाकाठी तपासणी करायला सांगतात, कारण थोड्या लोकांत उतारवयात त्रास होतो.

“तेव्हा सगळ्या घराची लघवी तपासा,” ते म्हणाले. घरात हशा पिकला, पण तपासण्या झाल्या. भाऊजींची स्वच्छ, माझी स्वच्छ. ताईच्या लघवीत तांबड्या पेशी निघाल्या. आणि आमच्या बहात्तर वर्षांच्या आईच्याही! वय पाहून आईची मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणीही करून घेतली. चाळिशीपुढे, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, असे रक्त मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते, तिकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आईचे मूत्राशय निर्मळ निघाले. तिचे क्रिएटिनिन ठीक होते, प्रथिने नव्हती आणि शेजारच्या घरातला कुकर किती शिट्ट्या देतो हे तिला अजून ऐकू येते. डॉक्टर म्हणाले, “पातळ पडद्याचीच शक्यता मोठी. आजीबाई हा तुमच्या घरचा सर्वांत मोठा अभ्यास आहे. हमी नाही, पण दिलासा नक्की आहे.”

लग्नाचा प्रश्न राहिला होता. ताईचे म्हणणे स्पष्ट होते. “काही आजार नाही ना? मग बोलायचं कशाला? लोक राईचा पर्वत करतात.” तिचे चूक होते असे मला म्हणवत नाही. मुलीच्या कागदावरचा डाग आणि मुलाच्या कागदावरचा डाग आपल्या समाजात सारख्या नजरेने पाहिला जात नाही. भाची मात्र म्हणाली, “आई, मला दर वर्षी तपासायला जायचंय. दिवस राहिले तर रक्तदाबावर लक्ष ठेवायला हवं. मुलांत हे उतरण्याची शक्यता निम्मी आहे. एवढं सगळं चोरून मी संसार कसा करू?” तिने स्वतः त्या मुलाला भेटून रिपोर्टची फाइल दाखवली. पंधरा दिवस नागपूरहून फोन आला नाही. ते पंधरा दिवस ताईने कसे काढले, ते तिचे तिला ठाऊक. सोळाव्या दिवशी मुलाच्या आईने ताईला फोन केला. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून घेतले होते. “मुलगी खरं बोलली, हे आम्हाला पुरे,” एवढेच त्या म्हणाल्या. गेल्या मार्गशीर्षात लग्न झाले.

या सगळ्यातून मला कळले ते असे, की लघवीतला तो थेंब भविष्य सांगत नाही. लक्ष कुठे ठेवायचे, एवढेच तो सांगतो. हवामानाचा अंदाज जसा रोजच्या नोंदींनी सुधारत जातो, तसा हा अंदाजही वर्षागणिक सुधारतो. म्हणून तुमच्या घरी कोणाच्या रिपोर्टात अशा पेशी निघाल्या, तर घाबरून डॉक्टरांमागून डॉक्टर बदलू नका आणि कागद कपाटात दडपूनही ठेवू नका. तपासणी पुन्हा करून घ्या. प्रथिने, रक्तदाब आणि क्रिएटिनिन वर्षातून एकदा पाहा. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. प्रथिने वाढू लागलीच, तर ती आवरणारी आणि मूत्रपिंडाला सांभाळणारी औषधे आज आहेत. मात्र त्यांतली काही गरोदरपणात चालत नाहीत, हे तरुण मुलींनी डॉक्टरांना आधीच सांगायला हवे. आणि सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा. पुढच्या डॉक्टरला तुमच्या पत्रिकेपेक्षा त्याच फाइलीचा जास्त उपयोग होईल.