चिकटलेली पाने

आमचे अब्बा बाईंडर होते. सोलापुरात विजापूर वेशीजवळ त्यांचे छोटे दुकान होते. शाळेची रजिस्टरे, दुकानदारांच्या चोपड्या, जुनी कुराणशरीफ, सारे त्यांच्या हातून नवे होऊन जाई. शाळा सुटली की आम्ही भावंडे खळ ढवळायला बसायचो. खळ जास्त झाली की पाने चिकटत. अब्बा म्हणत, "अक्षर जागच्या जागी आहे, पण वाचता येत नाही. मग असून काय उपयोग?"

हे वाक्य आम्हाला पुढे दवाखान्यात आठवले.

साठीनंतर अब्बांना लघवीचा त्रास सुरू झाला. वुजू टिकत नाही म्हणून त्यांनी मशिदीत जाणे सोडले. आम्हाला कारण सांगितले गुडघ्यांचे. अम्मीलाही खरे ठाऊक नव्हते. आजाऱ्याला सवलत आहे, प्रत्येक नमाजासाठी नव्याने वुजू केला की पुरे, हे इमामसाहेबांनी एका शब्दात सांगितले असते. पण विचारायलाच त्यांना लाज वाटली. कंबर असह्य दुखू लागली तेव्हा कुठे तपासणी झाली. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता.

इंजेक्शने सुरू झाली. पुरुषी संप्रेरक कमी केले की हा रोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले. अब्बांनाही दोन वर्षे आराम पडला. मग दुखणे पुन्हा उसळले. संप्रेरक जवळजवळ संपले, तर रोग वाढतो कशावर? आम्ही डॉक्टरांना विचारले.

त्यांनी समजावून सांगितले. प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हा सारा गुंडाळा म्हणजे क्रोमॅटिन. त्यातले काय उघडे राहील, काय मिटेल, हे ठरवणारी आणखी प्रथिने असतात. ईझेडएच२ हे प्रथिन हिस्टोनवर मिटण्याची खूण करते. शरीरात पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात ते फार वाढलेले असते, असे मिशिगन विद्यापीठातील संशोधकांना २००२ साली आढळले. वाढीला लगाम घालणारी जनुके मग मुकी होतात. उलट बीआरडी४ हे प्रथिन उघड्या भागावरच्या खुणा वाचते आणि संप्रेरक नावापुरते उरले तरी वाढीची जनुके चालू ठेवायला मदत करते. २०१४ साली त्याच विद्यापीठाने ते दाखवले. ही प्रथिने रोखणारी औषधे रुग्णांवर तपासली गेली आहेत. अब्बांच्या वाट्याला ती आली नाहीत.

म्हणजे रोखणारी अक्षरे जागच्या जागीच होती. पाने चिकटली होती.

पेशीतली पाने सोडवणे आमच्या हाती नव्हते. घरातली होती. "अब्बा, खरे काय होते आहे?" एवढे आम्ही कधी विचारलेच नाही.

आता आम्हा भावांनीही पन्नाशी ओलांडली आहे. वडिलांना हा रोग झाला असेल तर मुलांना धोका अधिक असतो. ईदच्या दिवशी गळाभेट झाली की आम्ही पहिल्यांदा एकमेकांच्या कानात विचारतो, "तपासणी केलीस?"