शार्कची भीती आणि गुरुजींचे पाय

गेल्या महिन्यात ओपीडीत एक काकू आल्या. एरवी त्यांचं बीपी १३०-८० च्या आसपास असतं. त्या दिवशी १६६-९४ भरलं. दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, तरी फारसा फरक नाही. गोळी चुकली नव्हती, लोणचं-पापड बंद होते. मग विचारलं, "काकू, झोप लागते का?"

"झोप कुठची डॉक्टरसाहेब! पोरगा समुद्रात उतरते म्हणे. तिकडं शार्क असते ना?"

मुलगा सिडनीला नोकरीला आहे. त्याला नवा छंद लागलाय. रविवारी पहाटे मेटल डिटेक्टर घेऊन तो समुद्रकिनाऱ्यावर जातो. गुडघाभर, कधी कंबरभर लाटांत उभा राहून वाळूत हरवलेल्या अंगठ्या आणि नाणी शोधतो. एकदा सोन्याची अंगठी सापडली, तिचा फोटो घरच्या ग्रुपवर आला. त्याखालीच कुणा भाच्यानं शार्कच्या हल्ल्याचा व्हिडिओ टाकला, आणि काकूंची झोप उडाली. त्यात डिसेंबरमध्ये काकू आणि गुरुजी दोघं दोन महिन्यांसाठी तिकडे जाणार. गुरुजी म्हणजे काकूंचे यजमान, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पंधरा वर्षांपासून मधुमेही. ते शेजारच्या खुर्चीवर हसत बसले होते. "हिले समजावून सांगा साहेब. मी तर पोरासंग पाण्यात उतरणार आहो."

आपल्या यवतमाळपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी हा छंद आपल्याला अगदीच अनोळखी नाही. नाशिकला गोदावरीत किंवा पंढरपूरला चंद्रभागेत दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी पोरं अनेकांनी पाहिली असतील. मेटल डिटेक्टर हे त्याचंच महागडं रूप. त्या दिवशी काकूंना जे सांगितलं, तेच जरा सविस्तर इथे लिहितो. कारण शार्कच्या निमित्तानं त्या दिवशी वेगळंच काहीतरी सापडलं.

शार्क खरंच किती धोकादायक?

शार्क चावतो, हे खोटं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारीला गेलेल्या एका तरुणाच्या पायाला शार्कनं चावा घेतला आणि त्याला पाय गमवावा लागला. बुल शार्क जातीचे मासे खाडीतून नदीच्या गोड्या पाण्यातही वर चढतात. म्हणजे "किनाऱ्याजवळ शार्क येतच नाही" असं म्हणता येणार नाही.

पण प्रमाण बघा. जगभरातल्या शार्कच्या चाव्यांची नोंद अमेरिकेतलं फ्लोरिडा म्युझियम ठेवतं. २०२३ मध्ये माणसानं डिवचलेलं नसताना शार्क चावल्याच्या जगभरात ६९ घटना घडल्या, त्यात १० मृत्यू झाले. २०२४ मध्ये अशा ४७ घटना आणि ४ मृत्यू. कोट्यवधी माणसं वर्षभर समुद्रात उतरतात, त्यातल्या या इतक्या. उलट दरवर्षी माणूस आठ ते दहा कोटी शार्क मारतो असा अंदाज आहे. कोकणात मोरीचं किंवा मुशीचं कालवण मिटक्या मारत खातात, तो लहान शार्कच असतो!

ऑस्ट्रेलियात मात्र हे प्रमाण बऱ्याच देशांपेक्षा जास्त आहे. २०२३ मधल्या दहा मृत्यूंपैकी चार तिथले. म्हणून मुलानं काळजी घ्यायला हवी, पण आईनं त्यासाठी रात्ररात्र जागण्याचं कारण नाही.

यंत्रामुळे शार्क जवळ येतो का?

काकूंचा हा प्रश्न मला फार आवडला. शार्कच्या नाकाडावर बारीक छिद्रं असतात. त्यांतून त्याला जिवंत प्राण्याच्या शरीरातली अतिशय क्षीण वीज जाणवते. वाळूत दडून बसलेला मासाही तो असा शोधतो. मग मेटल डिटेक्टरचं चुंबकीय क्षेत्र त्याला बोलावणार नाही का?

शार्कला जाणवणारे विद्युत बदल अगदी संथ असतात. मेटल डिटेक्टरचं क्षेत्र सेकंदाला हजारो वेळा बदलतं. यंत्रामुळे शार्क ओढला जातो याला कसलाही पुरावा नाही.

धोका यंत्रापेक्षा ते वापरण्याच्या सवयीत आहे. हा छंद करणारी माणसं गर्दी टाळायला पहाटे किंवा तिन्हीसांजेला जातात. नेमकं त्याच वेळी अनेक शार्क भक्ष्य शोधत असतात. गढूळ पाणी, नदीचं मुख, मासे धरण्याची जागा, मेलेले मासे किंवा पक्ष्यांचे थवे दिसत असतील ती जागा टाळावी. चमकणारे दागिने पाण्यात माशाच्या खवल्यांसारखे दिसतात, ते काढून ठेवावेत. एकट्यानं जाऊ नये. जखमेतून रक्त येत असेल तर पाण्यात उतरू नये. आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांनी शार्कचा इशारा दिला असेल तर वाद न घालता बाहेर यावं.

मग खरा धोका कोणता?

*पहिला, पाणी.* जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर दरवर्षी शंभराहून अधिक लोक बुडतात. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ते आठवत असेल. डिटेक्टरवाल्या माणसाची नजर खाली वाळूत, कानाला हेडफोन आणि पाठ लाटेकडे. भरती कधी चढली हे त्याला कळतच नाही. किनाऱ्यावर आलेलं पाणी काही जागी अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडे परत जातं. त्या ओढीत सापडलात तर ओढीविरुद्ध किनाऱ्याकडे पोहू नका, दमून जाल. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडा. ऑस्ट्रेलियात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागाच पोहण्यासाठी राखलेली असते.

*दुसरा, पाकट मासा.* हा चपटा मासा उथळ पाण्यात वाळूखाली पडून असतो. पाय पडला की शेपटीचा विषारी काटा मारतो. २०१३ च्या गणेश विसर्जनात मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर कितीतरी भाविकांना असा दंश झाला होता. मगरींशी खेळणारा स्टीव्ह आयर्विन २००६ मध्ये पाकटाचा काटा छातीत लागून गेला, पण तसं क्वचितच होतं. बहुतेक वेळा पायाला जखम आणि भयंकर वेदना होतात. उपाय सोपा आहे. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४५ अंशांपर्यंत, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवायचा. वेदना बऱ्याच कमी होतात. मग दवाखाना गाठायचा, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर स्वतः उपटू नका. दंश टाळण्यासाठी पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूत घासत चालावं. चाहूल लागली की पाकट पळून जातो.

*तिसरा, जेलीफिश.* अंगाला चिकटलेले धागे चोळू नका. वाळू, लिंबू, लघवी हे उपाय तर मुळीच नकोत. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, धागे चिमट्यानं काढा. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तातडीनं दवाखान्यात न्या. पुढचा उपचार जातीनुसार बदलतो, म्हणून तिथल्या जीवरक्षकाचं ऐकावं.

*चौथा धोका त्या यंत्रानंच शोधलेला असतो.* डिटेक्टर सोनं ओळखत नाही, धातू ओळखतो. अंगठी एखादीच. बाकी निघतात ते गंजलेले खिळे, माशांचे गळ, डब्यांचे धारदार पत्रे. हातानं वाळू उपसताना तेच बोटात घुसतं. म्हणून जाड हातमोजे, लहान खोरं आणि धनुर्वाताची लस. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी ही लस घ्यावी. जखम मातकट-घाण असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा एक डोस लागतो.

आणि आता गुरुजींचे पाय

हे सगळं काकूंना सांगता सांगता माझं लक्ष गुरुजींच्या चपलेकडे गेलं. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जाड भोवरी दिसत होती. मी त्यांना टेबलावर झोपवलं.

मधुमेहात पाय तपासण्यासाठी आम्ही नायलॉनचा एक बारीक तंतू वापरतो. तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून रुग्णानं सांगायचं, कळलं की नाही. गुरुजींच्या उजव्या पायाला दोन जागी कळलं नाही. डाव्या पायाला तर पुढच्या तळव्यावर जवळजवळ कुठेच नाही. मी थांबलो तरी ते डोळे मिटून वाट बघत होते, "लावा ना साहेब."

काकूंचा चेहरा उतरला. गुरुजी म्हणाले, "थोडे बधिर वाटतात, पण मले वाटलं वय झालं."

असा पाय अनवाणी वाळूवर चालला तर काय होतं? दुपारची वाळू चटका देते, ती कळत नाही. शिंपला चिरतो, कळत नाही. जखम दोन दिवसांनी मोज्याला रक्त लागल्यावर दिसते. समुद्राच्या आणि खाडीच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात. निरोगी माणसाला ते सहसा त्रास देत नाहीत. पण यकृताचा आजार, विशेषतः दारूमुळे झालेला, आणि मधुमेह असलेल्यांच्या जखमेत ते शिरले तर एक-दोन दिवसांत पाय लाल होऊन सुजतो, फोड येतात, ताप चढतो. उशीर झाला तर पाय, कधी जीवही जातो. शार्कनं पाय तोडल्याची बातमी होते. मधुमेहानं बधिर झालेल्या पायाची जखम चिघळून पाय कापावा लागतो, त्याची बातमी होत नाही.

"म्हंजे पाण्यात उतराचंच नाही काय?" गुरुजींनी विचारलं. एकतीस वर्षं त्यांनी मुलांना भूगोल शिकवला. भरती-ओहोटीची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल, कोण जाणे. स्वतः समुद्र पाहिलेला नाही. त्यांना नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं, आणि तसं म्हणण्याची गरजही नव्हती.

आम्ही यादी केली. आधी भोवरीवर उपचार आणि साखर ताब्यात. जाण्याआधी पाय पुन्हा तपासायचे. पायावर बारीकशीही जखम असेल तर पाणी बंद. जखम नसेल तर घट्ट बसणारे, जाड तळव्याचे, पाण्यात चालणारे बंद बूट घालून, मुलाचा हात धरून, सकाळच्या उन्हात, घोट्याइतक्या पाण्यात. बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे बघायचे. आणि पाय शेकायची वेळ आलीच तर पाण्याची ऊब दुसऱ्यानं हातानं तपासायची. गुरुजींच्या पायाला ती कळणार नाही.

निघताना काकू म्हणाल्या, "आता रोज रात्री ह्यांचे पाय मीच पाहतो." पंधरा दिवसांनी त्यांचं बीपी १३४-८२ होतं.

आपल्या जिल्ह्यासाठी

मोठ्या जबड्याची भीती आपल्याला नवी नाही. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ म्हणजे अवनी वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ ला ती मारली गेली तोवर त्या गावांनी फार सोसलं. ती भीती खरी होती. पण भारतात सर्पदंशानं २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. दरवर्षी पोळ्याला बैल धुवायला गेलेली पोरं तलावात बुडतात. वाघ-शार्क आपल्या स्वप्नात येतात. आपला जीव मात्र बहुधा बांधावर, विहिरीवर आणि फवारणीच्या पंपाजवळ धोक्यात असतो. तिथे सावध राहणं आपल्या हातात आहे.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

- रात्री ओलिताला जाताना गमबूट आणि टॉर्च. साप चावला तर अवयव आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, रुग्णाला चालवू नका. १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशाची लस तिथे मोफत मिळते.
- अपघातात किंवा जनावराच्या चाव्यात रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं जखमेवर घट्ट दाब द्या. सारखं उचलून बघू नका.
- पोहता येत नसेल तर बुडणाऱ्यामागे उडी मारू नका. दोर, काठी, रिकामी प्लॅस्टिकची कॅन फेका.
- फवारणी वाऱ्याच्या उलट दिशेनं आणि उघड्या अंगानं नको. मळमळ, घाम किंवा अंधारी आली की काम थांबवा, कपडे बदला, अंग धुवा आणि डब्यासह डॉक्टरकडे या.
- मधुमेह असेल तर शेतात, अंगणात, देवळाच्या प्रदक्षिणेतसुद्धा पायाला जपा. रोज रात्री तळवे आरशात बघा किंवा घरच्यांना दाखवा. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. तपासणीला पाच मिनिटं लागतात, दुखत अजिबात नाही.