हिचा अधिवास

आमच्या लग्नाला २२ वर्षे झाली आणि आमची ही कोठली, असा प्रश्न यंदा प्रथमच कुणीतरी लेखी विचारला. निमित्त म्हाडाच्या सोडतीचे. आटगावचे घर वडिलार्जित, त्यातही निम्मा वाटा काकांचा. कल्याण-ठाण्याकडे लहानसे घर मिळाले तर मुलीच्या शिक्षणाची सोय होईल आणि माझी रोजची कसारा लोकलही सुटेल, असा हिशेब. अर्ज हिच्या नावाने करायचा, असे मी मोठ्या उदारपणे जाहीर केले. माझे नशीब सोडतीत आजवर कधी उघडले नाही. तेव्हा तिचे आजमावून पाहावे, एवढाच त्या औदार्याचा अर्थ!

अर्जासाठी अधिवासाचा दाखला हवा आणि दाखल्यासाठी राज्यातील किमान १५ वर्षांचे वास्तव्य. मला त्यात काही अवघड वाटले नाही. बावीसांतून पंधरा सहज निघतात.

हिचे माहेर निपाणीचे. घरची भाषा मराठी, शाळा मराठी, कोल्हापूर तासाभराच्या वाटेवर. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच्याबरोबर निपाणीही गेली. त्याआधी ठाणे आणि बेळगाव हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर तिकडेच ठेवले, तरी निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राला तो अहवाल मान्य झाला नाही, आणि बेळगावच्या दृष्टीने ते योग्यही होते. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तो दावा आमच्या लग्नाहून एका वर्षाने लहान आहे आणि दोन्ही अद्याप चालू आहेत.

सेतू केंद्रात बसणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, "सर, कशाला एवढे कागद शोधता? तुमचा दाखला जोडा, लग्नाचे प्रमाणपत्र जोडा. मॅडमचे काम होऊन जाईल."

त्याचे काही चूक नव्हते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात तसे स्पष्टच म्हटले आहे : विवाहाने स्त्रीला पतीचा अधिवास प्राप्त होतो. मी आनंदाने घरी आलो आणि ही सोपी वाट हिला सांगितली. ही तांदूळ निवडत होती. ताटातून नजर न काढता म्हणाली,

"मग तो दाखला तुमचाच की. माझी बावीस वर्षं कुठं गेली?"

"अगं, दाखला मिळाल्याशी कारण!"

"तुम्हाला असंल. मला माझ्या पंधरा वर्षांवर पाहिजे."

निपाणीची माणसे एकदा नाही म्हणाली की ते नाहीच असते. कपाट उपसणे आले. विजेचे बिल वडिलांच्या नावाचे. ते जाऊन बारा वर्षे झाली, तरी महावितरणच्या लेखी अजून तेच दिवे लावतात. सातबाऱ्यावर मी आणि काका. लग्न निपाणीला लागले, नोंदही तिकडचीच. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणून मुलीचा जन्मदाखलाही कर्नाटकाचा. मतदार यादीत हिचे नाव आले २०१४ साली. राहता राहिली शिधापत्रिका. तीत नाव घालण्याचे काम माझ्याकडे होते. ते मी 'आज करू, उद्या करू' करीत २०११ साली केले. तेथून मोजले तर चौदा वर्षे भरत होती. चौदा वर्षे वनवासाला पुरतात, दाखल्याला नाहीत.

त्या कागदांच्या ढिगात बसून मला खरोखर लाज वाटली. या घरातला एकही डबा हिच्या हाताशिवाय उघडत नाही आणि पहिली आठ वर्षे ही येथे होती याचा घरात एकही पुरावा नाही. ती आठही वर्षे माझ्याच आळसाने खाल्लेली.

प्राध्यापकाला अशा वेळी शब्दकोशात तोंड लपवता येते. संस्कृतात वस् म्हणजे राहणे. एरवी राहण्याची जागा सप्तमीत असते, घरात, गावात. पण वस्‌ला 'अधि' हा उपसर्ग लागला की पाणिनीच्या नियमाने ती जागा कर्म होते आणि द्वितीयेत जाते. हे मी हिला उत्साहाने समजावून सांगितले. ही म्हणाली, "म्हणजे घरात राहायचं नाही, घर करायचं. तेच म्हणतेय मी." माझ्या वर्गात इतक्या लवकर हे कुणाला कळलेले नाही.

मग ही उठली. माहेरची पत्र्याची ट्रंक उघडून तिने तळाशी एका जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली तीन पुस्तके काढली. पोस्टाच्या आवर्ती ठेवीची. पाच पाच वर्षांची तीन खाती, पहिले जून २००५ मध्ये उघडलेले. दरमहा ५०० रुपये. वर हिचे नाव, खाली पत्ता : मुक्काम आटगाव, तालुका शहापूर. १८० हप्ते, आणि एकही चुकलेला नाही. पैसे शिकवण्यांचे. गावातली पोरे संध्याकाळी ओटीवर पाढे म्हणत, तेव्हा माझ्या वाचनात व्यत्यय येतो म्हणून मी कुरकुरत असे.

"पहिल्या खात्याचे पैसे काय केलेस?"

"बोअरवेल."

मी गप्प झालो. तानसा आमच्या शेजारी. १८९२ पासून तिचे पाणी मुंबईला जाते, आणि आम्ही उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतो. २०१० साली बोअर मारली, तेव्हा छत्तीस हजार रुपये हिच्या भावाने दिले, असे मला सांगण्यात आले होते. त्या उपकाराखाली पंधरा वर्षे दर भाऊबीजेला मी मेहुण्यापुढे जरा वाकूनच बसत आलो आहे. मेहुणाही ते वाकणे निर्विकारपणे स्वीकारत आला. बहीणभावांचा कट उत्तम होता!

शहापूरला अर्ज द्यायला दोघेही गेलो. रांगेत पुढे एक कातकरी बाई होती, मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी आलेली. जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तिची माणसे कधी या डोंगराबाहेर गेलीच नव्हती. पण आजा शाळेत गेलेला नाही, जमीन नाही, मग कागद कोठून यायचा? हिने तिला बाकावर आपल्या शेजारी बसवून घेतले, आजाच्या भावांची नावे विचारली आणि कुणा चुलत्याचे नाव जुन्या शाळेच्या रजिस्टरात सापडते का ते पाहायला सांगितले. एका दिवसात ही कागदांची जाणकार झाली होती.

आमची पाळी आली. कारकुनाने तिन्ही पुस्तके चाळली, शिधापत्रिकेशी ताडून पाहिली. "वहिनी, असा पुरावा फार कमी लोक आणतात," म्हणाला आणि पावती दिली. पंधरा दिवसांच्या आत दाखला मोबाइलवर आला. हिने त्याची छापील प्रत काढून आणली, एकवार वाचली, आणि त्याच ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवली. तेव्हा मला आत आणखी एक पुस्तक दिसले, नवे.

"हे कसलं?"

"चौथं. चालू आहे."

"कशासाठी?"

"सोडत लागली तर पहिला हप्ता कोण भरणार? माझा भाऊ?"