काना गावचे लग्न आणि आमचा मांडव



नाताळ सरला की माझ्याकडे धर्मशिक्षणाच्या मुलांपेक्षा त्यांचे काका-मामाच जास्त येतात. पूर्वी विचारायचे, ‘लग्नाच्या मिस्सेला वाचने कोणती घ्यावीत?’ आता विचारतात, ‘मास्तर, कमीत कमी कितीत होईल हो?’ या प्रश्नात लाजण्यासारखे काही नाही. मलाही तो गेल्या वर्षी पडला होता, कारण लग्न माझ्या भाचीचे होते.

आमच्या चोपड्याला नदी लागूनच आहे आणि पलीकडे शिवोली. फेरीबोट होती तेव्हा वऱ्हाड फेरीच्या वेळेत बसवावे लागे, म्हणजे पाहुण्यांचा आकडा थोडाफार बोटच ठरवायची. आता पूल आहे, मोपाला विमानतळ आहे, आणि मोरजी-आश्वे-मांद्र्याच्या किनाऱ्यावर दिल्ली-मुंबईची लग्ने लागतात. आमची पोरे तिथे ताटे उचलायला, दिवे लावायला जातात आणि घरी येऊन तसल्याच लग्नाची स्वप्ने पाहतात. त्यांना दोष कसा द्यायचा? डोळ्यांना रोज जे दिसते तेच देखणे वाटू लागते.

भाची म्हापशाला औषधांच्या दुकानात नोकरी करते. मुलगा इलेक्ट्रिशियन आहे. तिचे वडील, म्हणजे माझे भावोजी, जहाजावर होते. कमरेच्या दुखण्यामुळे काही वर्षांपूर्वी कायमचे घरी आले. मुलांची शिल्लक एक लाख साठ हजार आणि भावोजींकडचे नव्वद हजार, असे एकूण अडीच लाख. पाहुण्यांच्या यादीत नावे ५४०. हॉलवाल्याने ताटाला ७५० रुपये दर सांगितला. नुसत्या जेवणाचेच चार लाख पाच हजार झाले, आणि बँड, सूत्रसंचालक, सजावट, फोटो, केक धरून आकडा सात लाखांवर गेला.

भावोजी म्हणाले, ‘नदीकडचे शेत गहाण ठेवतो.’

त्यांना मोठेपणा मिरवायचा नव्हता. ‘मी सगळ्यांच्या घरी जेवलो आहे,’ ते म्हणाले, ‘जहाजावरून सुट्टीत यायचो तेव्हा तर आठवड्याला दोन लग्ने. आता माझ्या मुलीच्या वेळी त्यांना बोलावले नाही, तर रविवारी चर्चच्या पायरीवर तोंड कसे दाखवू?’ कमी खर्चाच्या लग्नावर बोलणारे बहुतेक लोक या वाक्यापाशी थांबतच नाहीत. ‘साधेपणाने करा’ एवढे सांगून मोकळे होतात. पण जेवलेल्या जेवणाचे ऋण खरेच असते, आणि गावात राहणाऱ्याला ते चुकवता येत नाही. त्यामुळे शेत वाचवायचे असेल तर त्या ऋणाची काही वेगळी सोय करणे भाग होते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावरील आपल्या प्रेषितीय पत्रात लग्नाच्या तयारीविषयी फार आपुलकीने लिहिले आहे. निमंत्रणे, कपडे आणि मेजवानी यांत पैसाही संपतो आणि बळही, आणि वधूवर वेदीपुढे येतात तेव्हा थकून गेलेले असतात, असे त्यांनी म्हटले आहे. खर्च झेपत नाही म्हणून कित्येक जोडपी लग्नच पुढे ढकलतात, याचेही त्यांना दुःख होते. वेगळे वागण्याचे धैर्य दाखवा, असे त्यांनी तरुणांना सांगितले. पत्रातला तो भाग मी भाचीला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘मामा, धैर्य माझ्याकडे आहे. पप्पांकडे नाही.’

मग एका रात्री आम्ही खर्चाचा कागद घेऊन बसलो. ख्रिस्तसभेला लग्नासाठी लागते तरी काय? एक धर्मगुरू, दोन साक्षीदार आणि दोघांचा मोकळ्या मनाने दिलेला होकार. सोबत स्नानसंस्काराचा दाखला, विवाहपूर्व शिबिर, पेडण्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडचे कागद आणि तीन रविवार चर्चमध्ये होणारी घोषणा. तीन वेळा घोषणेचा नियम १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने घालून दिला. (आमची आजी म्हणायची, हे देवाने दिलेले फुकटचे आमंत्रण.) अर्पणाची रक्कम द्यायला कोणी असमर्थ असला तरी गरिबीपायी त्याला संस्कार नाकारायचा नाही, असे ख्रिस्तसभेच्या कायद्यातच लिहिले आहे.

कागदावर खर्च कमी करण्यासाठी मुलांनी आधीच काही ओळींवर रेघा मारल्या होत्या. त्या रेघा पाहून मी गप्प झालो. ‘भिकाऱ्यांचे जेवण’ खोडले होते. ‘रोस’ फोटोपुरता, पंधरा मिनिटे. मामाच्या घरी भरायचा चुडा ‘दुकानातून तयार’. आणि शिल्लक काय होते? चमकणारी भिंत, धुराचे यंत्र, सूत्रसंचालक.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. रोस म्हणजे नारळाचा रस. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूला आपल्या घरी आणि वराला त्याच्या घरी तो माखतात. तुमच्याकडची हळद तशी आमची ही चाल. चुडा वधूच्या आजोळी, मामाच्या घरी भरायचा. आणि भिकाऱ्यांचे जेवण म्हणजे घरातल्या मृतांच्या आठवणीसाठी लग्नाआधी गरिबांना बोलावून, घरच्यांनी स्वतः वाढून घातलेले जेवण. या सगळ्याला खर्च किती? चार नारळ, काही डझन काकणे, डाळ-तांदूळ.

इन्क्विझिशनने १७३६ मध्ये जाहीरनामा काढून लग्नातल्या ओव्या, विडे, फुले अशा कितीतरी चालींवर बंदी घातली होती. आमचे पेडणे तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हते, पण बारदेश-सासष्टीच्या आयाबायांनी ती बंदी सोसली, आणि रोस आजही माखला जातो. शिक्षेच्या भीतीनेही जे सुटले नाही, ते आपण वेळापत्रकात बसत नाही म्हणून सोडतो. पैसे कमी पडले की पहिली कात्री लागते ती जे स्वस्त आहे, आपले आहे आणि प्रार्थनेचे आहे त्याला, आणि भाड्याने आणलेले मात्र जागच्या जागी राहते. मला हे उलटे करायचे होते. मी मुलांना म्हटले, खोडलेले सगळे परत लिहा आणि न खोडलेल्यापासून सुरुवात करा.

काना गावच्या लग्नावर आपण प्रवचने ऐकतो ती बहुधा चमत्काराची. त्या रात्री मला ती गोष्ट पैसे कमी पडलेल्या घराची वाटली. द्राक्षारस संपला हे पवित्र मरियेच्या लक्षात आले, आणि तिने काय केले? यजमानाला ऐकवले नाही, बायकांत कुजबुजली नाही. ज्याला सांगायचे त्यालाच हळू सांगितले आणि नोकरांना त्याच्या हवाली केले. प्रभूनेही बाहेरून काही मागवले नाही. घरातले सहा दगडी रांजण आणि पाणी, एवढ्यावरच भागवले. भोजनप्रमुखाला काही कळले नाही. त्याने उलट वराचीच तारीफ केली. कळले फक्त पाणी भरणाऱ्या नोकरांना. त्या घराची अब्रू तशीच्या तशी झाकलेली राहिली. लग्नघरच्या नातेवाइकांनी या गोष्टीतून मरियेचे काम उचलावे असे मला वाटते. आपल्यापैकी बरेच जण भोजनप्रमुखाचे उचलतात.

तर ऋणाची सोय अशी लावली. लग्न जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी दहाला. काहींना सकाळचे लग्न कमीपणाचे वाटले. पण संध्याकाळच्या मिस्सेला रोमची परवानगी १९५३ पासून मिळू लागली. त्याआधी आपल्या आज्या-पणज्यांच्या लग्नाच्या मिस्सा सकाळीच होत. सकाळचे लग्न म्हटले की दिवे नाहीत, डीजे नाही, मध्यरात्रीपर्यंतचे मद्यही नाही. मिस्सेला सगळ्या गावाला आमंत्रण, कोणालाही वगळले नाही. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात, झाडाखाली, तिथेच सावद, म्हणजे वधूवरांच्या आयुष्यासाठी पेला उंचावणे. प्रत्येकाला केकचा तुकडा, एक पॅटिस, घोटभर वाइन, मुलांना सरबत. जवळजवळ तीनशे माणसे होती आणि खर्च अठरा हजार. भावोजी दारात उभे राहून प्रत्येकाचा हात हातात घेत होते. हॉलमध्ये त्यांना हे जमले नसते. तिथे लोक मंचापुढे रांग लावतात, पाकीट देतात आणि जेवणाकडे वळतात.

दुपारचे जेवण घरच्या मांडवात, एकशे दहा जणांचे. शेजाऱ्यांनी चुडते विणून दिली. फुले म्हणून अंगणातली अबोली आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली शेवंती. पदार्थ मोजकेच: पुलाव, कोंबडीची शाकुती, सोरपोतेल, सान्ना, आणि हिंदू शेजाऱ्यांसाठी वेगळ्या चुलीवरचे खतखते, ज्यावर शेवटी आमचेच लोक जास्त तुटून पडले. एक गोष्ट मात्र मी हट्टाने करून घेतली. रांगेत ताट घेऊन उभे राहायचे नाही. पाहुण्यांनी बसायचे आणि युवकांनी वाढायचे. पाच घरांतून आणलेले पांढरे टेबलक्लॉथ, आज्यांच्या कपाटातल्या चिनी मातीच्या बश्या, कुठे दोन सारख्या नाहीत. किनाऱ्यावरच्या लग्नांत वाढणारा आमचा एक मुलगा म्हणाला, ‘मास्तर, तिथे याला व्हिंटेज म्हणतात आणि जास्तीचे पैसे लावतात.’

वराकडे जाणाऱ्या मिठाईला आमच्याकडे ‘वोजें’ म्हणतात. शब्द मराठीतल्या ओझ्याचाच, आणि बापाच्या खांद्यावर ते खरेच ओझे होऊन बसले आहे. वराच्या आईने स्वतः फोन करून सांगितले, ‘दोस, थोडे बोल आणि एक फणी केळी पाठवा, त्याच्यावर काही पाठवलेत तर परत येईल.’ मरियेचे काम म्हणजे हेच. देणाऱ्याने कितीही ठरवले तरी घेणाऱ्याच्या तोंडून असा शब्द निघाल्याशिवाय बापाचा खांदा मोकळा होत नाही. मुलांच्या आईवडिलांनो, हे वाचत असाल तर तो फोन तुम्हीच आधी करा.

अंगठ्या भाचीच्या आजीच्या एका बांगडीतून झाल्या, घडणावळ तेवढी द्यावी लागली. पांढरा झगा चुलत बहिणीचा, वाड्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी कंबरेत घेऊन दिला. लाल साडो तेवढा नवा. सूत्रसंचालक नव्हता, वराच्या मोठ्या भावाने चार वाक्ये बोलून प्रार्थना म्हटली, पाठोपाठ एक व्हायोलिन आणि एक गिटार.

भिकाऱ्यांचे जेवण गुरुवारी केले. हल्ली दारोदार फिरणारे कोण उरले आहेत? म्हणून जवळच्या बांधकामावर पत्र्याच्या खोल्यांत राहणारे मजूर आणि वाड्यावरच्या एकट्या राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या, अशा एकवीस जणांना बोलावले. भात, डाळ, भोपळ्याची भाजी आणि वोण. खर्च साडेसहा हजार. भावोजींना कमरेमुळे वाकता येत नाही, तरी भात त्यांनीच वाढला. मजुरांतल्या एकाने विचारले, ‘साहेब, आज कोणाचा सण आहे?’ भावोजींनी आपल्या आईवडिलांची नावे सांगितली. तो माणूस पानावरून उठला, भिंतीवरच्या त्यांच्या फोटोपुढे हात जोडून आला आणि पुन्हा जेवायला बसला.

चुडा माझ्याच घरी भरला. कासाराने हिरव्या, पिवळ्या, लाल काकणांचे हात भरले, आणि माझ्या ऐंशी वर्षांच्या आईला दोन ओव्या आठवल्या, तिसरी अर्धीच. ती अर्धी शेजारच्या हिंदू आजीने पुरी केली. शब्द थोडे वेगळे होते, चाल तीच. त्या दोघी मग जेवायच्या वेळेपर्यंत थांबल्याच नाहीत.

एकूण खर्च दोन लाख तीस हजार पाचशे झाला. नाराजी झालीच नाही असे सांगितले तर ते खोटे होईल. एक जवळचे नातेवाईक दुपारच्या जेवणाच्या यादीत नव्हते. ते मिस्सेला आले, सावदीला थांबले नाहीत, आणि अजूनही भावोजींशी मोजकेच बोलतात. भावोजी दर महिन्याला त्यांच्याकडे एकदा जाऊन बसून येतात. चहा मिळतो. दुसरे एक गृहस्थ मला म्हणाले, ‘तुमच्यामुळे आता माझी मुलगीही असलेच लग्न मागते आहे,’ आणि ते रागाने म्हणाले की सुटकेने, हे मला अजून उमगलेले नाही.

शेत आहे तिथेच आहे. जूनमध्ये जावई लावणीला आला, वायर धरणारे हात चिखलात घालून. आणि तो पांढरा झगा सध्या तिसऱ्या मुलीकडे गेला आहे. ती जरा अंगाने भरलेली, म्हणून बाईंनी कंबरेची शिवण पुन्हा उसवायला घेतली आहे.